दहाव्या दिवसाचा ताप: केमोथेरपी वॉर्डातील एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली रुग्ण म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी तालुक्यांतून केमोथेरपीसाठी कोल्हापुरात येणाऱ्या बायकांच्या बाबतीत जे वारंवार घडते, ते इथे एका रुग्णात एकत्र केले आहे. औषधे, मात्रा आणि वेळा प्रत्यक्ष वापरातल्या आहेत. रुग्णालयाचे नाव दिलेले नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही.

पहिली सायकल

वय ४९. गाव गगनबावडा तालुक्यात, कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. डाव्या स्तनाचा कर्करोग. स्तन आणि काखेतल्या गाठी काढून झालेल्या. घरी नवरा, सून आणि दोन नातवंडे. मुलगा शिरोली एमआयडीसीत कामाला, राहायलाही तिकडेच. रुग्णालयात सगळ्या फेऱ्यांना सोबत तोच.

उंची १५२ सें.मी., वजन ५४ किलो. दोन्हींच्या गुणाकाराला ३६०० ने भागून वर्गमूळ काढले की शरीराचे क्षेत्रफळ १.५१ चौ.मी. येते. केमोची मात्रा या क्षेत्रफळावर ठरते: डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मि.ग्रॅ. या हिशेबाने ९० मि.ग्रॅ. आणि सायक्लोफॉस्फामाइड ६०० च्या हिशेबाने ९०० मि.ग्रॅ. दर २१ दिवसांनी अशा ४ सायकल, म्हणजे फेऱ्या, आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल हे केमोचेच दुसरे औषध, असा बेत. हृदयाची इको तपासणी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट ठीक, जनआरोग्य योजनेची मंजुरी हातात. जुलैतल्या एका सोमवारी पहिली केमो चढवली. उलटीसाठी अप्रेपिटंट, पॅलोनोसेट्रॉन आणि डेक्सामेथासोन दिले, रात्री घ्यायला ओलांझापिन ५ मि.ग्रॅ. लिहून दिले. औषधांच्या बाजूने सगळे नियमाप्रमाणे झाले.

सलाईन संपायला साडेपाच वाजले. शेवटची एसटी गाठायची होती. सिस्टरांनी डिस्चार्जचा कागद मुलाच्या हातात दिला, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितले, मागच्या पानावरच्या सूचना वाचायला सांगितल्या आणि विचारले, "समजलं ना?" मुलगा म्हणाला, "हो." या सगळ्याला सातेक मिनिटे लागली. केसपेपरवर नोंद झाली: रुग्ण व नातेवाइकास शिक्षण दिले.

घरी काय झाले

दुसऱ्या दिवशी सकाळी लघवी लाल झाली. डॉक्सोरुबिसिनचा रंगच तांबडा असतो, एक-दोन दिवस लघवी त्या रंगाची होते आणि त्यात काही धोका नसतो. पण हे कुणी सांगितले नव्हते. रक्तच पडतेय असे समजून बाईंनी पाणी कमी केले, म्हणजे लघवीला कमी जावे लागेल. सायक्लोफॉस्फामाइड घेतलेल्या रुग्णाने नेमके उलटे करायचे असते. त्या औषधाचे विघटन होऊन तयार होणारा पदार्थ मूत्राशयाच्या अस्तराला जाळतो, म्हणून पाणी भरपूर प्यायचे आणि दर दोन-तीन तासांनी, रात्री झोपण्यापूर्वीही, लघवीला जायचे. दोन दिवस जळजळ झाली आणि थांबली. कुणाला कळवले नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मळमळ गेली. सातव्या दिवशी तोंडाला चव आली. आठव्या दिवशी, म्हणजे पुढच्या सोमवारी, बाई भाताच्या रोपलावणीला चिखलात उतरल्या. जुलैत गगनबावड्याकडे घरातले एकही माणूस रिकामे बसत नाही आणि बाईंना तर आता बरे वाटत होते. या औषधांची गोम इथेच आहे. रुग्णाला बरे वाटू लागते त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. मळमळीसारखी याची कुठली खूण अंगाला जाणवत नाही.

बुधवारी, दहाव्या दिवशी, संध्याकाळी अंग कसकसू लागले. सुनेने कपाळाला हात लावून पाहिला. बाई म्हणाल्या, "ताप न्हाय, नुसती कणकण हाय." घरात थर्मामीटर नव्हता. एक पॅरासिटॅमॉल घेतली, घाम आला, अंग हलके झाले. कागदावरचा फोन नंबर ओपीडीचा होता आणि ओपीडी पाचला बंद होते, म्हणजे फोन केला असता तरी उचलायला कोणी नव्हते. गुरुवारी सकाळी गावातल्या डॉक्टरांकडे नेले. गावात फक्त 'गाठीचं ऑपरेशन' एवढेच सांगितलेले होते, त्यामुळे केमोचा विषय तिथेही निघाला नाही. डॉक्टरांनी पावसाळ्यातला ताप समजून कमरेत इंजेक्शन दिले आणि पॅरासिटॅमॉल दिवसातून तीनदा. डॉक्टरांचा यात दोष काढता येत नाही. त्यांना जेवढे सांगितले, तेवढ्यावर त्यांनी उपचार केला.

शुक्रवारी सकाळी सव्वानऊला बाईंना कोल्हापुरात आणले. मुलगा केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. बाई बाकावर आडव्या.

दाखल होताना

ताप १०२.६ फॅरेनहाइट, नाडी १२८, रक्तदाब ८६/५४, श्वास मिनिटाला २६. पांढऱ्या पेशी ११००, त्यांतल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, १८ टक्के. १,१०० चे १८ टक्के म्हणजे १९८. हा न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा, आणि केमोच्या वॉर्डात तोच पाहायचा असतो. एकूण पांढऱ्या पेशींवर जाऊ नये. ५०० च्या खाली आकडा आणि सोबत ताप (एकदाच १०१ किंवा तासभर टिकलेला १००.४) असेल तर ती फेब्राइल न्यूट्रोपेनिया, आणि ती हार्ट अटॅकइतकीच तातडीची बाब आहे. प्लेटलेट ६२,०००; कमरेत इंजेक्शन दिले तिथे हाताच्या तळव्याएवढा काळानिळा डाग. पेशी कमी असताना स्नायूत इंजेक्शन का नको, ते त्या डागाकडे पाहून कुणालाही कळेल. गुदद्वारातून ताप मोजणे, एनिमा आणि सपोझिटरी यांनाही याच कारणाने मनाई आहे.

अँटिबायोटिकचा पहिला डोस दारात पाऊल ठेवल्यापासून एका तासात जायला हवा. इथे १०५ मिनिटे लागली. रांगेत ४० गेली. कॅज्युअल्टीत 'आधी रिपोर्ट येऊ दे' म्हणून ३५. उरलेली ३० मिनिटे मुलगा चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम आणायला गेला होता. त्यानंतर मात्र काम वेगाने झाले: दोन वेगळ्या टोचण्यांमधून ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधण्याची तपासणी), ४.५ ग्रॅम पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, किलोला ३० मि.ली. या हिशेबाने पहिल्या तीन तासांत १,६०० मि.ली.च्या आसपास सलाईन, आणि दर १५ मिनिटांनी रक्तदाब व लघवीची नोंद.

संसर्ग कुठून शिरला, ते शनिवारी कळले. अंग पुसताना एका सिस्टरांनी पायाची बोटे फाकवून पाहिली. तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या होत्या, कातडी पांढरी होऊन फाटलेली, आणि तिथून घोट्याकडे बोटभर लालसर पट्टा गेलेला. पू नव्हता. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल; त्याच नसतील तर पू कुठून येणार? म्हणून अशा रुग्णात 'सूज नाही, पू नाही, म्हणजे संसर्ग नाही' हा नेहमीचा हिशेब चालत नाही. साधी लाली किंवा हात लावल्यावर दुखणे एवढेच हाती लागते. तपासणी तोंडापासून सुरू करून सुईची जागा, काखा, स्तनाखालची घडी, गुदद्वाराभोवतीची त्वचा (इथे फक्त नजरेने) आणि शेवटी पायाची बेचकी इथवर जायला हवी. ती दाखल करतानाच व्हायला हवी होती. पावसाळ्यात आपल्याकडे तरी बेचकीपासूनच सुरुवात करावी, असे आमचे मत आहे.

दाखल झाल्यापासून सातव्या दिवशी बाई घरी गेल्या. दुसरी सायकल आठवडाभर पुढे ढकलली.

चुकले कुठे

वॉर्डाच्या बैठकीत पहिले वाक्य ठरलेले असते: 'सांगितलं होतं, पण त्यांनी पाळलं नाही.' या प्रकरणात ते टिकत नाही. काय सांगितले, कुणाला आणि कधी, एवढेच तपासले तरी पुरते.

डिस्चार्जच्या कागदामागे ३१ सूचना होत्या. ताप चौदाव्या क्रमांकावर, 'केस गळणे तात्पुरते असते' आणि 'मसालेदार पदार्थ टाळावेत' यांच्या मधे. भाषा अशी: 'तापमानात वाढ आढळल्यास त्वरित वैद्यकीय सल्ला घ्यावा.' बाईंनी सल्ला घेतलाच होता, गावातल्या डॉक्टरांचा. म्हणजे सूचना पाळलीच गेली. किती ताप, कशावर मोजायचा, कुणाचा सल्ला आणि किती वेळात, यातले काहीही त्या वाक्यात नव्हते.

शिक्षण मिळाले मुलाला. तो दहाव्या दिवशी शिरोलीत सेकंड शिफ्टला होता. कपाळाला हात लावला सुनेने, आणि ती रुग्णालयात एकदाही आली नव्हती. सोबत येणारा आणि घरी सांभाळणारा ही दोन वेगळी माणसे असतात. कागदपत्रे, योजनेचे शिक्के आणि मोटारसायकल यांच्यामुळे रुग्णालयात पुरुष येतो. औषध, पाणी, ताप, उलटी हे घरात बाई पाहते. आपण मात्र समोर उभ्या असलेल्यालाच सांगून मोकळे होतो.

वेळही सर्वांत वाईट निवडली: दिवसभराच्या सलाईनने थकलेली रुग्ण आणि घड्याळाकडे डोळा लावून बसलेला नातेवाईक.

दुसऱ्या सायकलपूर्वी काय बदलले

शिक्षण केमोच्या दिवसावरून काढून तीन दिवस आधीच्या रक्त तपासणीच्या फेरीत आणले. रिपोर्ट यायला तसेही दीड-दोन तास बसावे लागते. त्यातली २० मिनिटे घेतली. अट एकच: घरी सांभाळणारे माणूस हजर हवे. सून नातवंडांमुळे येऊ शकली नसती, तर तिला व्हिडिओ कॉलवर घेतले असते. ती आली.

त्या २० मिनिटांत फक्त तीन गोष्टी ठेवल्या: ताप, पाणी आणि सातव्या ते चौदाव्या दिवसांचे पथ्य. बाकीचे केमोच्या दिवशी खुर्चीत बसल्यावर आणि उरलेले फोनवर. सगळे एकदम सांगितले की सांगणाऱ्याला समाधान मिळते, ऐकणाऱ्याच्या हाती काही उरत नाही.

ताप शिकवताना थर्मामीटर प्रत्यक्ष हातात दिला. साधा डिजिटल, मेडिकलमध्ये सहज मिळणारा. इथे एक अडचण पुढे आली. पडद्यावरचे अंक इंग्रजी असतात. बाईंना मराठी अंक येत होते, इंग्रजी चाचपडत. शिवाय तो थर्मामीटर सेल्सिअसवर लावलेला होता, आणि ३८.६ हा आकडा 'शंभराच्या खाली' म्हणून कुणीही सोडून देईल. आधी तो फॅरेनहाइटवर आणला. मग कार्डावर शंभर पॉइंट चार हा आकडा पडद्यावर दिसतो तशाच इंग्रजी अंकांत, अंगठ्याएवढा मोठा छापला. सुनेने तीन वेळा मोजून दाखवले. चहा किंवा गरम पाणी पिऊन झाल्यावर १५ मिनिटे थांबून जिभेखाली. तोंड आले असेल तर ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या काखेत, आणि काखेत आकडा कमी येतो म्हणून तिथे ९९.५ आला तरी फोन. सकाळ-संध्याकाळ, शिवाय कणकण, कसकस, हुडहुडी, अंग मोडून येणे यांपैकी काहीही वाटले तर लगेच. हे चारही शब्द सिस्टरांनी मुद्दाम उच्चारले. नुसते 'ताप' म्हटले की आपल्या बायका तव्यासारखे अंग भाजल्याशिवाय ताप मानत नाहीत.

आणि क्रम: आधी मोजा, मग फोन, मग निघा. पॅरासिटॅमॉल फोनच्या आधी नाही. ती आकडा झाकते, आजार तसाच राहतो.

'समजलं का?' हा प्रश्न वॉर्डातून हद्दपार केला. त्याचे उत्तर नेहमी 'हो' असते. त्याऐवजी सिस्टर म्हणाल्या, "वहिनी, समजा रात्रीचे अकरा वाजलेत, सासूबाई म्हणतायत थंडी वाजतेय. तुम्ही काय काय कराल, मला सांगा." सून म्हणाली, "गोधडी घालीन, चहा देईन, सकाळी दवाखान्यात नेऊ." पहिल्या सायकलीची वेळ असती तर याच उत्तरावर आपण सही घेतली असती. सिस्टरांनी पुन्हा सांगितले, पुन्हा विचारले. दुसऱ्या खेपेला थर्मामीटर आला, फोन आला, पण पॅरासिटॅमॉल आधी आली. तिसऱ्या खेपेला बरोबर. याला चार मिनिटे लागली. चूक घरी होण्याऐवजी खुर्चीत झाली आणि तिथेच सुधारली.

मिश्रीचे कळले तेही अशाच नेमक्या प्रश्नामुळे. 'तंबाखू खाता का?' याला बाईंचे उत्तर 'न्हाय बा.' 'दात कशाने घासता?' यावर 'मिश्रीनं.' पहिल्या सायकलीत तोंड सोलवटले त्यामागे हेही असणार. त्यांना मऊ ब्रश दिला आणि दिवसातून चार-पाच वेळा चूळ भरायला सांगितले: एक कप उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ, रोज ताजे. बाजारातला झोंबणारा माउथवॉश नको. मिश्रीची तलफ एका दिवसात जात नाही. निदान तोंड आले असताना बंद, इथून सुरुवात केली.

खाण्याच्या बाबतीत वॉर्डात एक जुनी सवय आहे, सगळे कच्चे बंद आणि फळेही बंद. इतक्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असे दिसलेले नाही, आणि रुग्ण मात्र उपाशी राहतो. स्वच्छ धुऊन घरी सोललेले केळे, संत्रे, पपई चालते. टाळायचे ते मोजकेच: कच्ची मोडाची मटकी, अर्धकच्चे अंडे, बर्फ घातलेला उसाचा रस, उघड्यावरची पाणीपुरी. आणि कोल्हापुरात एक गोष्ट नाव घेऊनच सांगावी लागते: धारोष्ण दूध. ताकद यावी म्हणून नातेवाईक संध्याकाळी दूध-कट्ट्यावर नेऊन म्हशीचे निरसे दूध पाजतात, घरची म्हैस असेल तर प्रश्नच नाही. दूध द्या, पण उकळून. मटणही द्या, प्रथिने हवीतच. तोंड आलेले असेल तर तांबड्याऐवजी पांढरा रस्सा, तोही बिनमिरचीचा आणि कोमट.

सातव्या ते चौदाव्या दिवसांत गोठा, शेण, चिखल बंद. हे सांगताना रोपलावणीचा हात कोण भरून काढणार, ही चर्चा तिथेच केली. ती टाळली तर सूचना कागदावरच राहते. बाईंच्या बहिणीने यायचे कबूल केले.

शीर

डाव्या काखेतल्या गाठी काढलेल्या, म्हणजे पुढच्या सगळ्या सायकलींसाठी उजवा हातच. पहिल्या वेळी घाईत तळहाताच्या मागे २४ नंबरची सुई लावली होती, आणि आठवड्याभरात ती शीर दोरीसारखी टणक व काळी पडली. डॉक्सोरुबिसिन शिरेबाहेर गेले तर मांस जाळते. तळहाताच्या मागे, मनगटावर आणि कोपराच्या लवणीत कातडीखाली लगेच स्नायूबंध आणि मज्जातंतू असतात, म्हणून तिथे नकोच.

या वेळी हाताला दहा मिनिटे गरम पाण्याचा शेक देऊन कोपर-मनगटाच्या मधे २२ नंबरची कॅन्युला, ताजी, एकाच टोचणीत. वर पारदर्शक पट्टी, म्हणजे जागा दिसत राहते. ९० मि.ग्रॅ. म्हणजे ४५ मि.ली. औषध, वाहत्या नॉर्मल सलाईनच्या बाजूच्या तोंडातून हळूहळू, आणि दर ५ मि.ली.नंतर मागे ओढून रक्त येते का ते पाहणे. हे करताना सिस्टरांनी जागा सोडायची नाही, फोन घ्यायचा नाही.

बाईंना आधी सांगितले: "मावशी, जरा जरी चुणचुणलं तरी बोला. सोसायचं नाही." हे सांगावेच लागते. चार बाळंतपणे घरात काढलेली बाई सुईच्या जळजळीबद्दल तक्रार करत नाही.

मधेच शिरेवर लाल पट्टा उठला आणि खाज आली. सिस्टर थांबल्या. रक्त व्यवस्थित येत होते, सूज नव्हती, आग नव्हती. ही नुसती शिरेची प्रतिक्रिया; सलाईन सोडून थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. रक्त आले नसते, फुगवटा असता किंवा आग होत असती, तर क्रम वेगळा: औषध तत्काळ बंद, सुई न काढता तिच्यातूनच जेवढे ओढता येईल तेवढे ओढून घ्यायचे, मग सुई काढायची, जागेभोवती पेनाने रेघ मारून फोटो घ्यायचा, हात उंच ठेवायचा आणि २० मिनिटे गार शेक, दिवसातून चार वेळा, दोन दिवस. डेक्सराझोक्सेन, म्हणजे हे नुकसान रोखणारे औषध, द्यायचे ठरले तर पहिला डोस सहा तासांच्या आत गेला पाहिजे, म्हणून डॉक्टरांना लगेच कळवायचे. जागा चोळायची नाही. गरम शेक व्हिन्क्रिस्टीनसारख्या औषधांना असतो. डॉक्सोरुबिसिनला तो दिला तर नुकसान पसरते. ही उलटापालट होऊ नये म्हणून औषधाच्या ट्रेवरच निळी किंवा लाल पट्टी लावली.

इंजेक्शन आणि एसटी

पहिल्या वेळी पेशी इतक्या खाली गेल्यामुळे या वेळी पेगफिलग्रास्टिम ६ मि.ग्रॅ. हे पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन ठरले. ते केमो संपल्यावर किमान २४ तासांनी द्यायचे. 'पेशंट लांबचा आहे, जाता जाता देऊन टाका' ही पळवाट नेहमी सुचवली जाते. अडचण अशी की हे इंजेक्शन अस्थिमज्जेतल्या पेशींना भराभर वाढायला लावते आणि भराभर वाढणाऱ्या पेशींनाच केमो आधी मारते. त्याच दिवशी दिले तर नव्या पेशी औषधाच्या तोंडी जातात.

मग इंजेक्शन घरी न्यायचे. २ ते ८ अंश तापमान हवे. थर्मासमध्ये बर्फ, पण इंजेक्शन बर्फाला चिकटून नको. मधे टॉवेलची घडी. हलवायचे नाही. मंगळवारी संध्याकाळी गावाजवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी पोटाच्या कातडीखाली द्यायचे. त्यांच्या नावे चिठ्ठी, त्यात केमो संपल्याची वेळ मिनिटासह. कंबर-पाठीची हाडे दोन-तीन दिवस ठणकतील, हे बाईंना आधीच सांगितले. त्या दुखण्याला पॅरासिटॅमॉल चालते, पण तापाचा आकडा पाहून मगच.

गावातल्या डॉक्टरांसाठीही चिठ्ठी दिली, बंद पाकिटात. आजाराचे नाव गावभर करायची गरज नाही, पण त्यांना माहीत असलेच पाहिजे.

घरी पहिले ४८ तास लघवी, संडास, उलटी यांत औषधाचा अंश असतो. संडासात दोन बादल्या पाणी, भरलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुणे आणि घरातल्या गरोदर बाईने हात न लावणे, एवढे पुरते. एका ताटात जेवायला, नातवंडांना जवळ घ्यायला हरकत नाही. हे सुनेने विचारले नव्हते, पण तिला हायसे वाटलेले दिसले.

रुग्णालयाची बाजू

घरच्यांना शिकवून दारात रांगच असेल तर उपयोग नाही. पिवळे केमो कार्ड तयार केले: औषधाचे नाव, शेवटच्या केमोची तारीख, ताप असल्यास रांग नाही. हे कार्ड दाखवल्यावर काय करायचे ते डॉक्टरांआधी गेटवरच्या वॉचमनला आणि केसपेपरच्या खिडकीवरच्या क्लार्कला शिकवले. पहिले चाळीस मिनिटांचे काम त्यांच्याच हातात असते. कॅज्युअल्टीत एक डबा ठेवला: कल्चरच्या बाटल्या, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचा पहिला डोस, सलाईन. वापरला की त्याच शिफ्टमध्ये भरायचा. रिपोर्टसाठी डोस थांबवायचा नाही. रजिस्टरमध्ये दोनच नवे रकाने, दारात आल्याची वेळ आणि पहिल्या डोसची वेळ.

ओपीडीच्या नंबराऐवजी वॉर्डाचा मोबाइल, जो रात्रपाळीच्या सिस्टरांकडे राहतो. फोनजवळ एक पान: तापाचा आकडा, केमोची तारीख, श्वास, रक्तस्राव, गाव किती लांब. १००.४ किंवा त्याच्या वर असेल तर 'उद्या ओपीडीला या' हे उत्तर द्यायचे नाही. स्वतःची गाडी नसेल तर १०८. तीस खाटांना एक सिस्टर असताना हा फोन किती वेळा वाजून बंद पडतो, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. मिस कॉल दिसला की पंधरा मिनिटांत उलटा फोन, एवढाच तोडगा सध्या आहे.

वॉर्डातून दोन फोन ठरवले, दुसऱ्या आणि आठव्या दिवशी. 'बरं आहे ना?' असे विचारायचे नाही. 'आज सकाळी किती आकडा होता?', 'काल किती तांबे पाणी झालं?', 'पायाची बेचकी बघितली का?' असे विचारायचे.

आणि पाऊस. बाईंची दुसरी सायकल ऑगस्टच्या सुरुवातीला येत होती, म्हणजे पेशी उतरण्याचे दिवस ऐन पावसात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. नदी फुगली की गगनबावडा रस्त्यावर पाणी येते. २०१९ आणि २०२१ मध्ये तर शिरोलीजवळ महामार्गही बंद होता. ताप आल्यावर निघायचे ठरवले आणि रस्ताच नसेल तर थर्मामीटर असून काय उपयोग? म्हणून सहाव्या दिवशी पातळी पाहायची आणि ३५ फुटांच्या वर चढती असेल तर सातव्या दिवसाआधी मुलाच्या खोलीवर किंवा शहरातल्या नातेवाइकांकडे यायचे, असे ठरले. जागा नदीच्या कोणत्या बाजूला आहे तेही पाहिले. शिरोली पलीकडे पडते, म्हणून शहरातली मावसबहीण.

त्यानंतर

दुसऱ्या सायकलीत नवव्या दिवशी रात्री पावणेअकराला सुनेचा फोन आला. आकडा १००.६, गोळी दिलेली नाही, बाई मावसबहिणीकडे. रिक्षाने वीस मिनिटांत आल्या. कार्ड दाखवले, थेट आत. दारात ११:१४, पहिला डोस ११:४१. न्यूट्रोफिल ७२०. रक्तदाब शेवटपर्यंत व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी पेशी वर आल्या, चौथ्या दिवशी सुट्टी.

चार सायकल झाल्यावर पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले, आणि शिकवलेले बरेचसे पुन्हा मांडावे लागले. लघवी आता लाल होणार नाही. झाली तर ते रक्तच, फोन करायचा. पहिल्या दहा मिनिटांत छाती आवळली, चेहरा तापला, कंबर दुखली तर लगेच सांगायचे. सिस्टर तेवढा वेळ शेजारीच उभ्या असतात. हातापायांना मुंग्या येतील, पुढे बधिरपणा. गुंडी लावता येते का, पायातली चप्पल निसटलेली कळते का, हे दर वेळी विचारायचे. तळपाय बधिर झाल्यावर काटा रुतलेला कळत नाही, आणि बाई घरात आणि खळ्यावर अनवाणीच असतात. म्हणून आता संध्याकाळी दिवा लागला की थर्मामीटरनंतर सून सासूबाईंचे पाय मांडीवर घेते आणि तळवे आणि बेचकी टॉर्चच्या उजेडात पाहते.